स्लॅबवरचं ऊन

हिवाळ्यात आमची माय उन्हाशिवाय बोलत नसे. रात्रभर गुडघे धरून पडलेली असायची आणि सकाळी कसं वाटतं म्हणून विचारलं तर नुसती मान हलवायची. अंगणात ऊन उतरलं की मी बाज टाकायची, तिला बसवायची आणि मागे बसून केसांना तेल लावायची. डोकं जरा तापलं की तोंड उघडायचं. तिच्या करडी गावची बोडी, त्या तळ्याच्या पाळीवरचं सीताफळाचं झाड, धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीच्या चिखलात हरवलेलं तिचं जोडवं. गोष्ट तीच, फक्त जोडवं दर वेळी वेगळ्या ठिकाणी सापडायचं. मी एकुलती एक, लग्न केलं नाही, नोकरीही संपलेली. दिवसभरात माझी म्हणावी अशी ती एकच वेळ होती.

ते ऊन शेजारच्या भाऊंनी अडवलं. त्यांच्या घराच्या बाजूला, आमच्या भिंतीलगत, मोकळी जागा होती. सकाळचं ऊन आमच्याकडे तिथूनच यायचं. भाऊंचं सिमेंट-लोखंडाचं दुकान. घरचंच सिमेंट, हात कोण धरणार? पावसाळा संपता संपता त्या जागेत माल ठेवायची खोली उभी राहिली, अगदी आमच्या भिंतीला खेटून, वर स्लॅब. हिवाळा लागला आणि अंगणात ऊन यायला दुपार व्हायला लागली. दुपारी माय जेवून झोपायची. गोष्टी बंद पडल्या.

मी भांडकुदळ आहे, हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे. भाऊंशी आधी गोडीनं बोलून पाहिलं, मग आवाज चढवून, आणि मग नगरपरिषदेत गेले. शेजाऱ्यांच्या बांधकामामुळे माझ्या म्हाताऱ्या आईला ऊन मिळत नाही, असं मी अर्जात लिहिलं होतं. तिथल्या इंजिनिअर साहेबांनी ते वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, उन्हावर अर्ज नाही होत. बाजूची जागा सोडली का नाही सोडली, तेवढंच लिहा."

तेवढंच लिहिलं. टेप घेऊन माणसं आली, मापं झाली, नियमाप्रमाणे जागा सोडलेली नाही असं निघालं, भाऊंना नोटीस गेली. भाऊंनी माझ्याशी बोलणं टाकलं. मग मीही टाकलं.

त्यांच्या बायकोनं, वहिनीनं, मात्र टाकलं नाही. ती अड्याळ गावची. तिची आई नुकतीच वारली होती. एका सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर बाज रिकामी, आणि मायचं हसणं वरून ऐकू येत होतं. त्याच खोलीच्या स्लॅबवर माय पाय लांब करून उन्हात बसली होती. वहिनीनं हात धरून तिला जिना चढवला होता.

माय खाली आल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. "ज्याच्यावर आपण तक्रार केली, त्याच्याच घरी जाऊन बसतेस? काहून?"

"स्लॅब त्यायनं बांधला," माय म्हणाली. "ऊन थोडंच बांधलं?"

मग ती रोजच जायला लागली. मी खाली धुसफुसत कान देऊन असायची. वहिनीला सांगताना जोडवं एकदा बदकाच्या घरट्यात सापडलं. मला सांगताना ते तिथे कधीच सापडलं नव्हतं. एक दिवस माय वेणी घालून खाली आली, आणि ती वेणी माझ्या हातची नव्हती. ते मात्र मला सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली आणि फणी घेऊन मी स्वतःच तो जिना चढले. वहिनीनं सरकून जागा दिली आणि चहा ठेवायला गेली.

नेमके त्याच सकाळी इंजिनिअर साहेब पुन्हा पाहणीला आले. गल्लीतून ओरडले, "अर्जदार कोठी हायेत?"

"इथं," मी वरून म्हणाले. हातात मायची अर्धी वेणी.

त्यांनी मान वर केली, पाहतच राहिले. "ताई, तुम्ही ज्याच्यावर बसून राहिल्या, तेच पाडाचं हाय न?"

चहा घेऊन आलेली वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागली. माय मात्र घाबरली. "पाडाचं? अन् मी कोठी बसू? होळी होऊ द्या न बापा. हिव गेलं का मंग पाडा."

"आजी, आमचं काम असंही होळीपर्यंत हालत नाही," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

अर्ज मागे घ्यावा, असं मनात येऊन गेलं. घेतला नाही. वर कितीही छान वाटलं तरी ते दुसऱ्याच्या घरचं बसणं. मला माय माझ्या अंगणात, माझ्या बाजेवर हवी होती, पुढच्या हिवाळ्यात. तोवर उरलेली थंडी आम्ही तिघींनी त्या स्लॅबवर काढली. मी विंचरायची, वहिनी भाजी निवडायची, माय बोलायची. तेव्हाही मी मनात पुढच्या हिवाळ्याचेच बेत करत होते.

होळीनंतर भाऊंनी स्वतःच माणसं लावून, रागारागानं, खोली उतरवली. माय दारात उभी राहून पाहत होती. "जागा चांगली होती वो," एवढंच म्हणाली. दिवाळीच्या आधी ती गेली.

आता सकाळी अंगणभर ऊन असतं. मी जिंकले. सवयीनं बाज टाकते आणि त्या रिकाम्या बाजेकडे पाहत उंबऱ्यात बसते. ऊन आलं की माय बोलेल, असं अजून वाटतं.

मागच्या थंडीत एका सकाळी वहिनी फाटक उघडून आली. बाजेवर माझ्याकडे पाठ करून बसली आणि तिनं अंबाडा सोडला. मी तेलाची बाटली आणली, फणी घेतली. तिचे केस काळे, दाट. माझा हात मायच्या विरळ केसांना सरावलेला, तो आपला भीत भीत चालत होता.

"ताई, ओढा न जोरानं," ती म्हणाली. "मले नाही दुखत."

मला ओढवेना.