एकीला एक, दुसरीला दोन

मीनाबॅनच्या टेकडीवर झाडून सगळे बॉइल आडनावाचे. तिथे "अहो बॉइल" म्हणून हाक मारली तर एक तर कुणीच वळून बघायचं नाही, नाहीतर सगळी टेकडी वळायची. म्हणून माणूस ओळखायचं ते बापाच्या आणि आजाच्या नावानं. ह्यूईची पोर आणि मिकीची नात, म्हणून ती रोशा ह्यूई मिकी. रोझ बॉइल हे तिचं नाव बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्यानं एकदा घेतलं. पुढं ते कुणाच्या तोंडी आलंच नाही.

टेकडीखाली कॅरिगफाद गावात शर्टांचा कारखाना होता. शाळा सुटली तशी रोशा तिथं कॉलरच्या मशिनीवर बसली. मॅनेजर हॅमंड डेरी शहराहून आलेला. एवढ्या बॉइल बायका बघून त्याचं डोकं फिरलं. त्यानं मशिनींवर पांढऱ्या रंगानं आकडे काढले आणि आकड्यानंच हाका मारायला सुरुवात केली. बायका दोन वर्षं आकड्याला ओ देत राहिल्या.

एका सकाळी तो रोशाच्या पाठीशी येऊन उभा राहिला. "चौदा नंबर, कॉलर वाकडी आहे."

रोशानं मान वर केली नाही.

"चौदा नंबर, ऐकू येत नाही का?"

"मशिनीला हाक मारताय न्हवं सायेब? तिला कान न्हाईत."

"मग काय म्हणू? इथं सगळ्याच बॉइल."

"रोशा ह्यूई मिकी म्हना. जीभ न्हाई झडायची."

हॅमंडनं दाराकडं बोट दाखवलं. रोशा उठली, खांद्यावरचे दोरे झटकले, डबा उचलला. तेवढ्यात शेजारच्या उनानं मशिनीच्या पायट्यावरनं पाय काढला. मग तिच्या शेजारणीनं. बघता बघता आख्खी खोली मुकी झाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाहेरच्या समुद्राचा आवाज आत ऐकू आला. जिचं तिचं नाव घेतल्याशिवाय टाका पडणार नाही, असं उनानं सांगितलं. दुपार कलली तेव्हा हॅमंड मशिनींच्या रांगांमधून घामाघूम होऊन फिरत होता. एकेकीपुढं उभा राहून बापआजासकट नाव घेत होता. चुकला की बायका त्याला परत म्हणायला लावत होत्या.

"आजा पॅट्रिक न्हवं हो सायेब, पाडी. पॅट्रिक त्यो पाद्र्याचा कुत्रा."

कारखान्यात युनियन उभी राहिली ती त्या दिवशी. रोशा तिची पुढारी झाली, ती पुढची वीस वर्षं. हिवाळ्यात शेगड्या आल्या, चहाची सुट्टी आली, लग्न झालं की बाईनं मशीन सोडायची ही रीत गेली. हॅमंड म्हातारा होऊन डेरीला परत गेला, तेव्हा निरोपाच्या दिवशी त्यानं सगळ्या बायकांची नावं न अडखळता घेतली आणि शेवटी डोळे पुसले.

पण कारखान्यातनं घरी आलं की त्याच बायका बादल्या घेऊन झऱ्यावर जायच्या. कॅरिगफादमध्ये घरोघरी नळ आले होते. टेकडीवर नव्हते. कौन्सिलात त्या भागाचा माणूस होता कोनल दुकानवाला. गावातली निम्मी घरं त्याच्याकडं उधारीवर जगत होती. रोशा बायका घेऊन त्याच्या दुकानात गेली.

कोनल पीठ तोलत होता. "पानी वर चढत न्हाई गं बायांनो. निसर्गाचा नियमच हाय त्यो."

"आमी चढतो की रोज," रोशा म्हणाली. "बादल्या घिऊन."

"मग चढा. पाय मजबूत ऱ्हात्यात."

त्याच संध्याकाळी रोशानं ठरवलं की कौन्सिलातली त्याची खुर्ची काढून घ्यायची. हे साल सदुसष्ट.

उमेदवारांची नावं कोर्टाच्या दारावर लागली तशी उना धापा टाकत आली. "रोशा, तू दोनदा हाईस."

खरंच दोन होत्या. रोझ बॉइल, मीनाबॅन. त्याच्याखाली पुन्हा रोझ बॉइल, मीनाबॅन. वरची होती रोशा विणकराची, टेकडीच्या पार टोकाला राहणारी म्हातारी, जी कोंबड्या सोडून कधी कुणाशी चार शब्द बोलली नव्हती. नावापुढं धंदा छापलेला होता, एकीपुढं शेती, दुसरीपुढं शिवणकाम, पण तो मुंगीएवढ्या अक्षरांत. टेकडीवरची म्हातारी माणसं तो कशाला वाचतात.

रस्त्यावरून कोनल चालला होता. "काय गं रोशा," तो म्हणाला, "औंदा टेकडीवर रोशांचं पीक लई जोरात हाय."

नाव मागं घ्यायची मुदत संपली होती. उना रडकुंडीला आली. निम्मी मतं वाया जाणार, आणि एवढ्याशा फरकानं कोनल परत खुर्चीत बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

रोशा तशीच टेकडी चढून म्हातारीकडं गेली. म्हातारीनं चुलीवरची किटली उतरवली, ताज्या पावावर लोणी थापलं आणि विचारलं, "कोनलनं कागदावर सही घेतली. चर्चच्या छपराची कमिटी हाय म्हनला. हाय न्हवं?"

"कौन्सिलची निवडणूक हाय, रोशा."

म्हातारीचा हात थांबला. "म्हंजे मला फसवलं त्या पिठात खडू मिसळनाऱ्यानं?"

"तुला न्हाई. मला."

"नाव माजं वापरलं की." म्हातारीनं लोणी थापलेला पाव तिच्यापुढं सरकवला. "बादली मीबी उचलते, पोरी. तुज्या आधीपास्नं. आता काय करायचं सांग."

तो रस्ता रोशाला टेकडी चढतानाच सुचला होता. त्यांच्याकडं मत म्हणजे एकाच नावावर फुली नव्हे. नावांपुढं एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. सगळ्यांत मागं पडेल तो उमेदवार बाद, आणि त्याची मतं ज्याच्यापुढं दोन लिहिलंय त्याला. कोनलचा भरवसा एवढाच होता की माणसं एकाच रोशापुढं एक लिहून पेन्सिल खाली ठेवतील.

"आपन दोगींनी संगं फिरायचं," रोशा म्हणाली. "कंची कोन ते कुनी शोधायचंच न्हाई. एका रोशाला एक, दुसरीला दोन. कसंबी."

मग मीनाबॅननं कधी न बघितलेली गोष्ट बघितली. म्हातारी काळी शाल घेऊन दारोदार फिरली. कोनलच्या उधारीतली माणसं दार किलकिलं करायची, तर ही आतच शिरायची. "घाबरू नको रे. कोनलला सांग, म्या त्वा उभी केलेल्या बाईलाच मत दिलं. खोटं कुटं हाय?"

मोजणीच्या दिवशी कोर्टाच्या हॉलमध्ये कठड्याला माणसं चिकटली होती. पहिल्या फेरीचे गठ्ठे लागले. कोनल पुढं. दोन्ही रोशा बरोबरीनं त्याच्या मागं, आणि दोघींत फरक बोटावर मोजण्याइतका. कोनलनं टोपी मागं सारून सिगारेट पेटवली.

म्हातारीनं मात्र रोशाचं मनगट घट्ट धरलं. "आगं, मी निवडून आले तर? माज्या कोंबड्या कोन बघनार?"

"गप बस, रोशा."

"मला त्या कौन्सिलात झोप लागंल."

"मग तितल्या बाकीच्यांत खपून जाशील," उना म्हणाली.

बारके उमेदवार एकेक करत गळाले. शेवटी तिघं उरली आणि खुर्ची एक. अधिकाऱ्यानं चष्मा पुसला आणि सांगितलं की रोझ बॉइल बाद. कंची, असं मागून कुणीतरी विचारलं.

"शेती करणारी," अधिकारी म्हणाला.

"मीच, मीच," म्हातारी कठड्यावर वाकली. "देवा तुजं भलं व्हवो."

मग तिचा गठ्ठा उलगडला. एकेक कागद उचलायचा, दोन कुठं लिहिलंय बघायचं, त्या खणात टाकायचा. पहिला रोशाच्या खणात. दुसरा रोशाच्या खणात. कोनलच्या चुलतभावांची मतंही होती त्यात. म्हातारी खरी उमेदवार वाटावी म्हणून त्यानंच ती द्यायला लावली होती. त्यांवरही दोन रोशापुढंच. चुलतभाऊ छताकडं बघत होते. त्यांच्या बायकाही रोज झऱ्यावर जात होत्या. रोशाचा खण कोनलच्या बरोबरीला आला, मग पुढं गेला, मग नुसता चढतच राहिला. कोनलची सिगारेट बोटांत विझली.

अधिकारी उठून उभा राहिला. "निवडून आल्याचं मी जाहीर करतो, रोझ बॉइल..." तो थांबला. हॉल त्याच्याकडं बघत होता. त्यानं घसा खाकरला. "रोशा ह्यूई मिकी."

मग झालेला गलका म्हणे बंदरापर्यंत पोचला. बायकांनी तिला उचलली, एक बूट कुठं गेला तो सापडलाच नाही. कोनल निघताना तिच्यापाशी थांबला. हरल्यावर हात पुढं करण्याएवढा दिलदार तो होता.

"आता काय करनार गं पयल्यांदा?"

"पयलं निसर्गाला भेटनार हाय," रोशा म्हणाली. "त्याचा नियम बदलायचाय."

ती बायकांच्या घोळक्यातनं एका बुटावर बाहेर पडली.