चौथ्या कडव्यापुढची टिंबं

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी मित्रांमधून उठून जायचो. वडील पिंपरीला कारखान्यात हेल्पर. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. एवढं शिकून असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही, असं प्रामाणिकपणे वाटायचं. अजूनही वाटतं... पण हे घडलं.

पुण्या-मुंबईचे आयटीवाले टोकियोत फुनाबोरीला राहायला येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. त्यांतल्याच सचिनदादाच्या फ्लॅटमध्ये एका खोलीत मी राहायचो आणि मास्टर्स करायचो. पार्ट-टाइम काम टोकियोतल्याच जिंबोचो भागात — एका लाँड्रीच्या वर, छोट्याशा रेकॉर्ड कंपनीत. मालक मोरी-सान परदेशी अल्बम जपानमध्ये काढायचे. सोबत गाण्यांच्या शब्दांची पुस्तिका द्यायचे. तिकडून शब्द आले नाहीत, तर मी हेडफोन लावून ऐकायचं आणि लिहून काढायचं. "इंडियाचे आहात, इंग्लिश येणारच," असं ते म्हणाले होते. मी मराठी माध्यमाचा, हे सांगायचं धाडस झालं नाही. म्हणून प्रत्येक ओळ तीन-तीनदा ऐकायचो.

एका दुपारी अमेरिकेतल्या एका कंट्री गायिकेचा पहिलावहिला अल्बम आला. सातवं गाणं तिच्या वारलेल्या भावावर होतं. तीन कडवी लिहून झाली. चौथ्यात भावाचं बोलणं होतं — माझे बूट कुणालाही देऊन टाक, पण कुत्र्याला नदीकडे फिरायला नेऊ नको, तो मला शोधत बसेल... आणि आईला सांग — इथं मी घड्याळ पाहिलं. क्लासला उशीर होत होता. पुढचं उद्या ऐकू म्हणून टिंबं दिली आणि पळालो. दुसऱ्या दिवशी विसरलो. मोरी-सानही घाईत होते. टिंबांसकट छापलं गेलं.

महिन्याभरानं त्यांनी मला समोर बसवलं.

"काळे-सान, हे चौथं कडवं कुठून आणलंत?"

"गाण्यात आहे ना."

त्यांनी गाणं लावलं. तिसऱ्या कडव्यानंतर गिटार, मग काहीच नाही. मी म्हटलं, माझी सीडी वेगळी असेल. त्यांनी तीच सीडी, तोच प्लेअर, तेच हेडफोन माझ्या हातात दिले. तिसऱ्या कडव्यानंतर गिटार...

मग त्यांनी गायिकेचा ई-मेल दाखवला. नमुन्याच्या प्रती तिच्याकडे गेल्या होत्या. बूट आणि कुत्र्याच्या ओळी भावानं हॉस्पिटलमध्ये रचल्या होत्या, फक्त तिला ऐकवल्या होत्या. पुढचं जमलं की म्हणेन, असं म्हणाला होता. ते राहून गेलं. आईसाठी काही होतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. शेवटी लिहिलं होतं — आई ती पुस्तिका उशाशी घेऊन झोपते. तुम्ही ऐकलंय, तर पुढचं सांगा.

मी नऊ दिवस ते गाणं ऐकलं. मोठ्या आवाजात, हळू आवाजात, आणि दुपारच्या त्याच वेळी, त्याच खुर्चीत. काही नाही.

सचिनदादा जेवता जेवता म्हणाला, "अरे, लिही की काहीतरी. 'काळजी करू नकोस' लिही. आईला आणखी काय सांगतात?"

"पण तो तसं म्हणाला नसेल तर?"

"तो तपासायला येणारे का, शहाण्या?"

मी ते टाइप केलंही. थोडा वेळ बघत बसलो आणि पुसलं. तिची आई ते आयुष्यभर खरं धरून चालली असती. मग जे झालं तेच लिहिलं — मला क्लास होता, म्हणून मी पुढचं न ऐकता उठलो.

पुढच्या छपाईत मोरी-साननी ते कडवं काढून टाकलं. अल्बम फारसा चालला नाही. त्या दुपारी मी काय ऐकलं, कसं ऐकलं, हे शिकलेल्या बऱ्याच लोकांना विचारलं. ते माझ्या इंग्लिशबद्दल विचारतात, झोपेबद्दल विचारतात.

गायिकेचं उत्तर मात्र आलं होतं, एका ओळीचं. क्लास कसला होता, एवढंच तिनं विचारलं होतं.

मी लिहिलं, डेटाबेसचा. त्यानंतर तिचा मेल आला नाही.