हॅलमांचं आकाश

उन्हाळा भरात आला की थॉर्नडेल गावात झऱ्याच्या सजावटीची घाई उडायची. मोठ्या लाकडी फळीवर ओली माती थापायची, तिच्यात पाकळ्या दाबून चित्र उभं करायचं आणि फळी झऱ्यावर नेऊन ठेवायची. माती तुडवणं स्लॅक घराण्याकडे, चौकट बॅगशॉंकडे आणि चित्रातलं आकाश हॅलमांकडे. ही वाटणी कोणी केली देव जाणे, पण ती मोडायची कोणाची टाप नव्हती.

हॅलमांपैकी आता एनिड एकटीच उरली होती. एके काळी या कामासाठी गावच्या कोठारात तिच्या आईभोवती पाच मावश्या-आत्या बसायच्या, बोटांपेक्षा तोंडं जास्त चालायची. गुडघ्यांनी दगा दिल्यावर ती घर विकून खालच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला गेली. दारातलं हायड्रेंजियाचं निळ्या फुलांचं झुडूप घराबरोबर गेलं. आकाश त्याच्याच पाकळ्यांचं व्हायचं.

यंदा तिची बोटंही थरथरू लागली. शाळेत तिच्याच वर्गात असलेला हॅरल्ड बॅगशॉ म्हणाला, "एनिड, आकाश आमच्या सुनेला दे. तू खुर्चीत बसून नावं ठेव, ते तुला छान जमतं."

"मी मेल्यावर घ्या. तोवर आकाश हॅलमांचं."

बोलली खरी, पण विकलेल्या घराच्या दारात जाऊन फुलं मागणं तिच्या जिवावर आलं होतं. त्याच संध्याकाळी घराची नवी मालकीण फिलिपा त्या झुडपाची टोपली भरून फुलं घेऊन कोठारात आली, आणि कोणी काही सांगायच्या आत आकाशाच्या वरच्या कडेपासून पाकळ्या लावू लागली. सगळ्यांनी एनिडकडे पाहिलं.

लहानपणी एनिडनेही हेच केलं होतं आणि आईची चापट खाल्ली होती. ती चापट आठवून तिचे डोळे भरून आले.

"अगं, खालून वर ये, कौलं घालतात तशी. नाहीतर पाऊस आत शिरेल." तिने आईचं स्टूल पुढे सरकवलं. "बस."

"फुलं जांभळट आलीत, आजी. माझं काही चुकलं का?"

एनिडने एक पाकळी उजेडात धरून पाहिली आणि तिच्या हातात दिली. रविवारी पाद्र्यांनी झऱ्याला आशीर्वाद दिला, लोकांनी जांभळ्या आकाशाचंही कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी, घर विकल्यापासून पहिल्यांदाच, एनिड भिंतीला धरत धरत जुन्या घराचा चढ चढली. फिलिपाने दार उघडलं. एनिडने तिच्या ओंजळीत मूठभर गंजके खिळे ठेवले.

"आई हे झुडपाच्या बुंध्याशी पुरायची," ती म्हणाली. "दरवर्षी पुरत जा, म्हणजे फुलं जांभळट येणार नाहीत. आकाश आता तुझ्याकडे आहे, ते निळंच हवं."