शॉर्ट श्रिफ्ट

धुळ्याच्या एका कॉलेजात इंग्रजीची जागा निघाली, तेव्हा मी दीपनगरला वीजकेंद्राच्या वसाहतीजवळ खासगी क्लासमध्ये शिकवत होते. आदल्या दिवशी एसटीने धुळ्याला मावशीकडे गेले. मुलाखतीला ती सोबत आली आणि बाहेर बाकावर बसून राहिली.

आत तिघे होते. मधले संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं.

"हे कुठले म्हणायचे?"

मी गाव सांगितलं.

"तसं नाही हो," म्हणून ते हसले.

आम्ही बौद्ध. हा प्रश्न मी शाळेपासून ओळखते. अध्यक्षांना उत्तराची गरजही नव्हती. मोबाइल उचलून त्यावर बोट फिरवत बसले.

शेजारच्या वयस्कर प्राध्यापिकाबाई अवघडल्या असाव्यात. त्यांनी विचारलं, "एखाद्याला शॉर्ट श्रिफ्ट देणं, हा वाक्प्रचार वर्गात कसा समजावाल?"

"आपण वाटेला लावणं म्हणतो तसं," मी म्हणाले. "धड ऐकूनही न घेता. श्रिफ्ट हा जुना शब्द, पाद्र्यापुढे दिलेली पापांची कबुली. पूर्वी मृत्यूची शिक्षा झालेल्या कैद्याला..."

"ठीक आहे, ठीक आहे," अध्यक्षांनी मान वर न करताच म्हटलं. "कळवू आम्ही. पुढच्यांना पाठवा."

मी उठले, पर्स खांद्याला लावली. पण खुर्चीची पाठ धरलेला हात काही सुटेना. अंगाची नुसती लाही होत होती. मी पुन्हा बसले.

"सर, माझं उत्तर अर्धं राहिलंय."

"अहो, वेळ नाहीये."

"तेच सांगतेय. शिक्षा द्यायच्या आधी कैद्याला कबुलीपुरता थोडा वेळ मिळायचा. मारणाऱ्यांना घाई असली की तो वेळही आखूड व्हायचा. ही शॉर्ट श्रिफ्ट. पण तो कैदी निदान गुन्हेगार ठरलेला असायचा. मी तर फक्त आडनाव सांगितलंय."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "बाई, हे जास्त होतंय."

"मग शिकवण्याबद्दल विचारा ना."

ते खिडकीकडे बघू लागले. प्राध्यापिकाबाईंनीच विचारलं, घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना कविता कशी शिकवाल? मी सावकाश, मनासारखं उत्तर दिलं. कुणी मध्ये बोललं नाही.

बाहेर येऊन मावशीला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "बठ्ठं बोली उनी ना?"

"सगळं बोलले."

"मंग चाल, जेवाले जाऊत."

जेवताना मी पुन्हा तेच सांगत बसले. ती माझ्या ताटात भरीत वाढत राहिली.

नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. वडील चिडले. "मोठ्या माणसांच्या तोंडी कशाला लागायचं? गावोगाव ओळखी असतात त्यांच्या." मला रडू आलं, पण बोलल्याचा पस्तावा कधीच झाला नाही.

पुढल्या वर्षी त्याच कॉलेजात आणखी एक जागा निघाली.

"तिथं पुन्हा?" वडील म्हणाले.

"तिथंच."

अध्यक्ष तेच होते. या खेपेला मोबाइल उलटा ठेवलेला, आणि आडनावाचा विषय निघाला नाही. बराच वेळ मला शिकवण्याबद्दल विचारलं. घेतलं मात्र नाहीच. आज मी अमळनेरला शिकवते. धुळ्यात जागा निघाली, की अजूनही अर्ज करते.