घोकलेले पाच शब्द

कापड मास्तरांनी कापावं आणि काज-बटण काकूंनी करावं, असा त्या शिंप्याचा संसार चाळीस वर्षं चालला. मग एकदा मास्तरांनी एकाच सदऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. काकूंनी उरल्यासुरल्या कापडातून उजवी बेतली आणि ब्रसुद्धा काढला नाही.

त्याच सुमाराला दवाखान्यातल्या एक तरुण डॉक्टरीणबाई संशोधनासाठी माणसं शोधत होत्या. उतारवयात विसर पडायला लागतो, त्याची चाहूल रक्तातून आधीच लागते का, हे त्यांना बघायचं होतं. त्या बाह्या मनात ठेवून काकू मास्तरांना तिथे घेऊन गेल्या.

"पेशीत हजारो जनुकं असतात, काकू. काही जागी, काही झोपलेली. कुठली जागी आहेत ते रक्तात शोधायचं."

"म्हणजे आमच्या घरासारखंच," काकू म्हणाल्या. "एक घोरतो, दुसरी राबते."

मास्तरांनी हसत हसत दंड पुढे केला.

रक्त दिलं की परीक्षा. पाच शब्द ऐकायचे आणि थोड्या वेळाने सांगायचे. काकू शेजारीच बसत. दर सहा महिन्यांनी शब्द तेच; एवढ्या दिवसांनी कोणाच्या लक्षात राहतात, असं बाईंना वाटायचं. पहिल्या खेपेला मास्तर तिसऱ्यावरच अडकले आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. काकूंना ते बघवेना. शिवाय गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं तर? झालं, घरी काज करता करता घोकंपट्टी सुरू झाली.

"कंदील, पायरी, लिंबू, घंटा, नदी. सांगा, लिंबाच्या आधी काय?"

"तुझं डोकं!"

"डोकं पाचात नाही."

तिसऱ्या खेपेपर्यंत मास्तर पाचही शब्द धडाधड म्हणू लागले. बाई खूश. "मास्तर, तुमची स्मरणशक्ती सगळ्यांत पक्की. तुमचं रक्त आता निरोगी गटात ठेवू. बाकीच्यांचं त्याच्याशी ताडून बघायचं."

कागदी बेत अर्धा इंच चुकला की त्यावरून कापलेले सगळेच सदरे चुकतात, हे काकूंना कोणी शिकवायला नको होतं.

"बाई, ते पाठ आहेत हो. मीच घोकून घेतलेत."

"मला कळत होतं," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. "पण पाचही आले की हिला फार बरं वाटायचं."

बाई रागावल्या नाहीत. वहीत खोडताना पेन जरा जोरात दाबलं, इतकंच. काकूंची रवानगी बाहेरच्या बाकावर झाली आणि मास्तरांना आत नवे शब्द मिळाले.

बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"दोनच आले," मास्तर म्हणाले. "गट बदलला माझा. पुढच्या आठवड्यात विसरण्याच्या डॉक्टरांना दाखवायचंय."

काकूंनी त्यांच्या दंडावरचा कापूस उगाचच नीट दाबला. "कुठले दोन?"

"ते सांगायचं नाही. बाईंनी बजावलंय, तुला तर मुळीच नाही."

"बरं, मग न आलेले तीन सांगा."

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्या बाकावर दोघंही अशी हसत सुटली, की डोळे पुसायला पदर पुरेना आणि आतून बाईंनी डोकावून बघितलं.