देवरावभाऊंचं वाढलेलं प्रोटीन

प्रवीणनं डॉक्टरचं अर्धंच ऐकलं आणि बाहेर पळत येऊन वडशाला भाऊंच्या घरी फोन लावला, "बाई, भाऊचं प्रोटीन वाढलं!"

बाकावर बसलेल्या देवरावभाऊंनीही ते ऐकलं आणि त्याच्या पाठीत खुशीचा गुद्दा घातला.

कॅन्सर असल्याचं आधीच कळलं होतं. आता नागपूरच्या दवाखान्यात अन्ननलिकेतला कणभर तुकडा काढून, त्यातली प्रोटीनं बघून, माणूस किती तग धरेल याचा अंदाज घ्यायचा होता. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष दोनदा केलेल्या प्रवीणला एवढं विज्ञान पुरेसं वाटलं. शिवाय आपल्या गडचिरोली जिल्ह्यात प्रोटीन नेहमी कमीच असतं. अंगणवाडीपासून त्यापायी अंडी खाऊ घालतात. वाढलं म्हणजे चांगलंच की!

तो आत परतला तेव्हा वडशात भाऊंच्या बायकोनं, सुगंधाबाईनं, गल्लीत साखर वाटायला घेतली होती. डॉक्टरनं उरलेलं अर्धं सांगितलं. हे प्रोटीन ज्यांच्यात जास्त असतं, ते बहुधा लवकर जातात. एका माणसाबद्दल खात्रीनं सांगता येत नाही, अभ्यास चालू आहे. पण कुणाला भेटायचं असेल तर लांबवू नका.

प्रवीणनं ते पोटातच ठेवलं आणि जीप काढली. परतीच्या वाटेवर भाऊंचं बोलणं मात्र थांबत नव्हतं.

देवरावभाऊ म्हणजे झाडीपट्टीचा भोंगा. धान निघालं की नाटकांचा सीझन लागायचा आणि भाऊ जीपवर भोंगा बांधून गावोगाव पुकारत फिरायचे, "या हो या, सहकुटुंब या!" जीप प्रवीण चालवायचा. रस्त्यात म्हैस आडवी आली तरी भाऊ तिला पहिल्या रांगेतली खुर्ची देऊ करायचे. साऱ्या मुलखाला सहकुटुंब बोलावणाऱ्या या माणसानं पोटच्या पोरीला मात्र घरी बोलावलं नव्हतं. उर्वशीनं सिरोंच्यातल्या तेलुगू मासेवाल्याशी लग्न केलं, तेव्हापासून बोलणं बंद. आजार झाल्यावर भाऊ नरमले होते, पण आता प्रोटीननं घात केला.

"होळीले जातो तिच्याकडे," ते म्हणाले. "सीझन निघू दे. आता काऊन घाई करू?"

सुगंधाबाई दुधात अंडं फेटून द्यायची. भाऊ घोट घ्यायचे, तो अडकायचा, बाहेर यायचा. डोळे पुसून पुन्हा घ्यायचे. प्रवीणला ते बघवेना. दिवाळीच्या तोंडावर भाऊ जीपच्या टपावर भोंगा कसत होते, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, होळी नोको पाहू. उद्याच जाऊ सिरोंच्याले."

"काऊन बे?"

"ते प्रोटीन... ते वाढणं चांगलं नाई. माणूस लवकर जाते म्हणते डॉक्टर. मी अर्धंच आयकलं होतं."

भाऊंच्या हातातला पाना थांबला.

"मंग अर्धंच राहू द्याचं होतं ना बे," ते म्हणाले. मग पाना फिरवून भोंगा उतरवायला लागले. "बाईले सांगू नोको. गल्लीतून साखर परत मागाले जाईन ते."

दुसऱ्या दिवशी जीप निघाली. मागच्या सीटवर सुगंधाबाई, मांडीवर उकडलेल्या अंड्यांची पिशवी. आलापल्लीच्या पुढं रस्ता असा की भाऊंनी पोटाशी उशी धरली.

उर्वशी दारात आली. भाऊंनी तोंड उघडलं, पण फाटक्या कापडासारखा आवाज निघाला.

"गावंच्या गावं उठवता," ती म्हणाली, "अन् माह्या दारात हळू बोलून राह्यले?"

भाऊ हसले. मग तिची नजर त्यांच्या सुकून गेलेल्या गळ्याकडं गेली. तिनं पदर तोंडाला लावला. जावई गोदावरीवर गेला आणि मासे घेऊन आला. उर्वशीनं पातळ रस्सा चमच्यानं पाजला. दोन चमचे आत गेले.

भाऊ आणि बाई तिथंच राहिले. निघताना उर्वशीनं प्रवीणच्या हातात माशांच्या कालवणाचा स्टीलचा डबा दिला.

सीझनचं पहिलं नाटक लागायच्या आधीच भाऊ गेले. बातमी आली तेव्हा प्रवीण होता तसा सिरोंच्याला निघाला. डबा न्यायचा राहिला. आता तो धुवून त्याच्या घरी फळीवर आहे. कुणाचा डबा रिकामा परत करत नसतात. उर्वशीसाठी त्यात काय भरावं, हे त्याला सुचत नाही.

परवा तिचा फोन आला. "डबा आणून दे ना रे भाऊ."

"आणतो," तो म्हणाला. अजून नेलेला नाही.