श्रावणभाऊ आणि अ‍ॅसिडचं कपाट

शाळेत रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी प्रयोगशाळेतल्या साऱ्या बाटल्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावल्या आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले. सकाळी येऊन पाहते तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं! प्रयोगशाळा सांभाळणारे श्रावणभाऊ फडक्याला हात पुसत उभे होते. "मॅडम, तुमी गंधकाले सल्फ्युरिकच्या मांडीवर बसवून देल्लं," ते म्हणाले. "नाव सारखं असलं म्हून काय पटते का त्याइचं?"

सातवीत शाळा सुटलेला हा काटक माणूस मला, नागपूरहून रसायनशास्त्र शिकून सडक अर्जुनी तालुक्यात शिक्षणसेवक म्हणून आलेल्या बाईला, शिकवत होता. आठ दिवस मला त्यांचा रागच आला. मग एका सोमवारी त्यांनी अ‍ॅसिडच्या कपाटाची लोखंडी कडी दाखवली. बाटल्यांची बुचं घट्ट होती, तरी कडी गंजून पापुद्रे सुटले होते. "अ‍ॅसिड शिशीत राह्यते, वाफ नाही राह्यत," ते म्हणाले. "लोखंड खाल्लं तिनं. बाकीच्यायले काय सोडते?" मी हे पुस्तकात वाचलं होतं, ते बारा वर्षं रोज पाहत आले होते. त्यानंतर नवी बाटली आली की तिची जागा मी त्यांनाच विचारू लागले.

"शिशीत काय आहे ते मंग पाहा, बाजूले कोन बसला ते पयले पाहा," हे ते मुलांना इतक्यांदा ऐकवत, की पोरं त्यांच्या पाठीमागे नक्कल करत. त्यांना ते ठाऊक होतं. तेही हसायचे.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. त्या वर्षी ऐन मंडईच्या तोंडावर अवकाळी आभाळ आलं. गावात पक्क्या छताची, कुलूपबंद अशी एकच रिकामी खोली होती, ती म्हणजे आमची प्रयोगशाळा. मंडई समितीचे अध्यक्ष तेच संस्थेचे अध्यक्ष. आतषबाजीची खोकी आणि गावठी कारागिराने कागदात बांधलेल्या शोभेच्या रंगीत दारूच्या पुड्या त्यांनी थेट तिथे पाठवल्या. अशा दारूत काय काय घातलेलं असतं ते कारागीरच जाणे. त्यातल्या काहींना अ‍ॅसिड लागलं तर ठिणगीचीही गरज उरत नाही.

श्रावणभाऊ दारात आडवे आले. "सायेब, हे इथं नोका ठेवू. आत अ‍ॅसिड आहे."

"एक दिवस का तो सवाल है, श्रावण," मुख्याध्यापक म्हणाले. मी म्हटलं, "सर, ते बरोबर सांगताहेत." त्यांनी माझ्याकडे वळून शांतपणे सांगितलं, "मग लेखी द्या, मॅडम." माझा कायम होण्याचा कागद त्याच अध्यक्षांच्या टेबलावर होता. मी लेखी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडईची सुट्टी होती. सकाळीच श्रावणभाऊ माझ्या खोलीच्या दाराशी आले. "खोकी हलवनं माह्या हातात नाही, मॅडम. शिश्या माह्या रिकाम्या कोठ्यात नेऊन राह्यलो. परवा आनतो. तुमाले सांगून ठेवलं." मी "बरं" म्हणाले. वाळू भरलेल्या बादलीत एकेक बाटली रोवून, भर दिवसा, ते पायी सात खेपा गेले. लोक पाहत होते.

बाटल्या परत यायच्या आतच गावात बोभाटा झाला: चपराशाने घरी अ‍ॅसिड नेलं, कोणावर फेकायला नेलं? अध्यक्षांनी ऑफिसात बोलावलं. मला एवढंच विचारलं, "यानं तुमची परवानगी घेतली होती?"

त्यांनी मला सांगितलं होतं. विचारलं नव्हतं. तेवढ्याशा फटीत मी लपले. "परवानगी नव्हती घेतली," मी म्हणाले.

श्रावणभाऊ दाराशीच होते. "मॅडम खरं सांगून राह्यल्या, सायेब," ते म्हणाले. त्यांची नेमणूक तात्पुरती होती. त्याच दिवशी गेली. चावी माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते गेल्यावर मी त्या कपाटापाशी उभी राहून रडले. त्याचा कोणाला काय उपयोग?

पुढच्या वर्षी खोकी पुन्हा आली. कुलूप मीच उघडून दिलं. अ‍ॅसिड आतच होतं. ते बाहेर न्यायची माझी छाती झाली नाही. खोकी आत जात असताना फाटकाशी सायकल थांबली. श्रावणभाऊ धानकापणीवर निघाले होते, कमरेला विळा.

"मॅडम, पोट्ट्यायले आज सुट्टी आहे नं?"

"आहे."

"मंग खिडक्या उघड्या ठेवजा. अन् तुमी आत नोका थांबू." एवढं बोलून ते निघून गेले.

मी आत थांबले नाही. दिवसभर रस्त्यापलीकडून त्या खिडक्यांकडे पाहत राहिले. संध्याकाळी खोकी गेली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक हसत म्हणाले, "बघा मॅडम, या वेळी बाटल्या आतच होत्या. झालं काही? उगाच त्या श्रावणने डोकं खाल्लं होतं."

"नाही झालं, सर," मी म्हणाले.